खोट्या गिऱ्हाइकाचे वाचन

‘लिलाव’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला, की ‘बोली’ आणि ‘सौदा’ यांच्या पंक्तीला बसताना तो आज परका वाटत नाही. लिलावाचे जे चित्र आपल्या मनात असते त्यात तीनदा पुकारा करणारा माणूस असतो, मांडून ठेवलेली वस्तू असते आणि समोर बसलेली गिऱ्हाइके असतात. या चित्रात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. तिथे सर्वांना सर्व दिसत असतात. बोली लावणाऱ्याची ऐपत बाजाराला ठाऊक असे, निदान त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी ठाऊक असे. जुन्या पेढ्यांवर ‘शाहजोग’ हुंडी चाले. तिचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कुणाच्याही हातावर ठेवायचे नसत. तो ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला माणूस असावा लागे. नरसी मेहत्याने द्वारकेच्या सावळ्या शेटजीवर लिहिलेली हुंडी वटली, ही कथा चमत्काराची वाटते ती याचसाठी. ज्याला बाजारात कुणी पाहिलेले नाही अशा धन्याच्या नावाचा कागद एरवी कुणी हातात धरला नसता.

पडद्यावरच्या लिलावाने ही पाहण्याची सोय काढून घेतली. तिथे वस्तू म्हणजे चार छायाचित्रे आणि एक परिच्छेद, विक्रेता म्हणजे एक नाव, गिऱ्हाईक म्हणजे एक आकडा आणि फार तर दोन ओळी. उरतो तो केवळ मजकूर. साहित्याच्या अभ्यासकाला या वरवर रुक्ष विषयात रस वाटावा तो याच कारणाने, असे मला वाटते. येथे वस्तू शब्दांत असते, भरवसा शब्दांत असतो, आणि फसवणूकही शब्दांतच घडते.

आपली परंपरा मात्र विक्रेत्याकडेच संशयाने पाहत आली. मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, जी १८ पदे सांगितली त्यांत ‘अस्वामिविक्रय’ म्हणजे आपली नसलेली वस्तू विकणे याला स्वतंत्र जागा आहे; ‘ग्राहकाने जपावे’ हे लॅटिन वचन तर कायद्याचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. विक्रेत्याने जपावे असे कुणी फारसे म्हटले नाही. कारण समोरासमोरच्या व्यवहारात नाणे हातावर पडल्याशिवाय वस्तू हातातून सुटत नसे. अंतर वाढले की या दोन क्रियांच्या मध्ये पोकळी तयार होते आणि ठक त्या पोकळीत राहायला येतो.

ही पोकळी भरून काढण्याचे उपाय नवे नाहीत. टपालखात्याची व्ही. पी. पी. मराठी वाचकाला चांगली परिचयाची होती. पोस्टमन पुस्तकाचे पुडके देई तेव्हाच पैसे घेई आणि ते प्रकाशकाकडे मनिऑर्डरीने पोचत. मध्ये एक तिसरा, दोघांच्याही ओळखीचा माणूस असे. १९९५ साली पियर ओमिड्यार यांनी अमेरिकेत जे लिलावाचे संकेतस्थळ काढले आणि जे पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर गेले, त्यावर सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. ओमिड्यार यांनी गिऱ्हाइकाला विचारले की ही वस्तू मोडकी आहे हे ध्यानात आले आहे ना. तर ते गृहस्थ मोडके पॉइंटरच जमवणारे निघाले, असे सांगतात. ही आख्यायिका पुष्कळदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एक चांगली कसोटी दिसते: खऱ्या गिऱ्हाइकाने मजकूर वाचलेला असतो. तिच्याकडे पुढे यावेच लागेल.

भारतात २००० साली ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले, २००४ साली ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचे ते भारतीय दुकान बंद झाले. त्या दुकानात ‘पैसापे’ नावाची व्यवस्था होती. गिऱ्हाइकाचे पैसे आधी कंपनीकडे पडत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. म्हणजे तोच जुना पोस्टमन, नव्या गणवेशात. त्यानंतर जुन्या वस्तूंच्या विक्रीचा मोठा भाग ज्या जाहिरातींच्या आणि गटांच्या रूपात वाहू लागला, त्यात हा मधला माणूसच उरला नाही. दोन अनोळखी व्यक्ती, दोन दूरध्वनी आणि २०१६ पासून हाती आलेली यूपीआय. पैसे क्षणात इकडचे तिकडे होतात ही तिची थोरवी. तिकडचे परत इकडे येत नाहीत, हेही तितकेच खरे.

आमच्या अँटॉप हिलला या प्रकाराने जो आधार सापडला तो इतर वस्त्यांत क्वचितच सापडला असता. येथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या, पावसाने काळवंडलेल्या इमारतींची. आयकर, सीमाशुल्क, टपाल, कुठकुठल्या खात्यांची माणसे येथे येतात, पाचसहा वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम आला की जातात. जाताना सामान विकतात. जिन्याखाली कपाट, कूलर, मुलांची सायकल मांडून ठेवलेली दिसली की कुणाची तरी बदली झाली किंवा कुणी तरी निवृत्त झाले, हे न विचारता कळते. पूर्वी हे सामान वसाहतीतल्या वसाहतीतच फिरे. एका लोखंडी खाटेने तीन खात्यांतल्या माणसांना झोपवलेले मी पाहिले आहे. आता त्याची छायाचित्रे काढून ती चढवली जातात. (मोनोरेलने २०१९ साली आम्हाला स्थानक दिले आणि त्याला लागून ‘आचार्य अत्रे नगर’ नावाचे दुसरे. वस्तूची जाहिरात कशी करावी हे शिकायला याहून शुभ शेजार कोणता?)

अशा वस्तीत कुणी दूरध्वनीवर ‘मी सरकारी नोकर, माझी बदली झाली आहे’ असे म्हणाले, तर ते सबब वाटत नाही. ते घरातले वाक्य वाटते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंनी पेटी विकायला काढली. काका जाऊन काही महिने झाले होते, क्वार्टर सोडण्याची मुदत जवळ येत होती आणि मुलाच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पेटीला जागा नव्हती. पेटी काकांची. शनिवारी रात्री ते ती काढत. भाता पहिल्यांदा दाबला की भिंतीपलीकडून एक दमेकऱ्यासारखा श्वास ऐकू येई आणि मग सूर लागे. वाद्यांच्या लिलावाचा एक गट होता, तिथे लेखी बोली लावायची आणि रविवारी रात्री दहाला लिलाव बंद, असा रिवाज. जाहिरातीचा मजकूर काकूंनी सांगितला आणि मी उतरवून घेतला: दुहेरी रीडची, पालिताणा रीड, साधी, स्केलचेंजर नव्हे, भात्याला एका कडेला ठिगळ, वरची एक पट्टी पिवळी पडलेली. ठिगळाचा उल्लेख काकूंनीच आग्रहाने करायला लावला.

रविवारपर्यंत बोली १७,५०० वर गेली होती. ती कल्याणच्या एका संगीतशिक्षकाची. त्याने त्याआधी चार प्रश्न विचारले होते: ठिगळ कापडाचे की चामड्याचे, काळी चार नीट बोलते का, हवा धरते का, आणि पट्ट्यांखालचा नमदा कधी बदलला होता. दहाला पाच मिनिटे असताना एक नवेच नाव आले आणि त्याने २२,००० म्हटले. पाठोपाठ फोन. बोलणारा हिंदीत अतिशय अदबीने बोलत होता. तो फौजी, नुकतीच मुंबईहून बदली झालेली, पेटी मुलीसाठी हवी, न्यायला युनिटची गाडी येईल, पैसे मात्र आधीच देऊन टाकतो. ओळखपत्राचे छायाचित्रही आले. गणवेश, पदक, शिक्का, सारे जागच्या जागी.

काकूंचा चेहरा उजळला हे सांगितले पाहिजे. साडेचार हजारांचा फरक त्यांना लहान नव्हता. शिवाय पेटी एका लहान मुलीकडे जाणार, ही कल्पना त्यांना काकांना आवडली असती तशी आवडली. “अगं, बोलण्यावरून तरी किती सज्जन वाटतोय. आणि आपल्यासारखाच बदलीवाला आहे.”

नेमके येथे मला वाचनाची सवय उपयोगी पडली. या माणसाच्या बोलण्यात पेटी कुठेच नव्हती. तो स्वतःविषयी बोलत होता. नोकरी, बदली, मुलगी, गाडी. कल्याणच्या माणसाने स्वतःविषयी एक अक्षर काढले नव्हते आणि ठिगळाविषयी दोनदा विचारले होते. मी फोन घेतला आणि म्हटले, “आपको स्केलचेंजरही चाहिए था ना?” “हां मॅडम, वही चाहिए.” जाहिरातीत ‘स्केलचेंजर नव्हे’ असे स्वच्छ लिहिलेले होते. काकू ऐकत होत्या. पण त्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. “पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं, मुलीसाठी घेतोय तो,” असे त्या म्हणाल्या, आणि हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. खरे गिऱ्हाईकही अज्ञानी असू शकते. निकाल लागला तो पुढच्या पायरीवर.

ही पायरी समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा खेळ तिथे क्रियापदांचा असतो. त्याने प्रथम एक रुपया पाठवला. तो खरोखर खात्यात जमा झाला. कादंबरीकार पहिल्या प्रकरणात एक खरा रस्ता, एक खरी इमारत ठेवतो आणि मग आपण त्याच्या पुढच्या सगळ्या माणसांवर विश्वास टाकतो, तसे त्या एका रुपयाचे काम. मग चौकोनी क्यूआर चित्र आले. “हे स्कॅन करा, पिन टाका, २२,००० तुमच्या खात्यात येतील.” पडद्यावर काय होते? ‘पे’, म्हणजे ‘द्या’. कानात काय होते? ‘घ्या’. गोष्ट एक सांगत होती आणि मजकूर नेमका उलटा. आणि फसणारा माणूस फसतो तो गोष्ट ऐकता ऐकता मजकूर वाचायचे सोडतो म्हणून. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन ही सही आहे, आणि घेणाऱ्याने धनादेशावर सही केल्याचे कुणी पाहिले आहे काय? काकूंना मी एवढेच म्हटले की पडद्यावरचा शब्द मोठ्याने वाचा. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि फोन पालथा ठेवला.

त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर अशाच चित्राने एका निवृत्त गृहस्थांचे अठरा हजार नेले होते. ते बँकेत गेले तेव्हा त्यांना विचारण्यात आले, “पिन कुणी टाकला?” या प्रश्नात व्याकरण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला जे संरक्षण दिले ते अनधिकृत व्यवहारांचे, म्हणजे कर्मणी प्रयोगाचे: ‘माझे पैसे काढले गेले’. स्वतः पिन टाकला की वाक्य कर्तरी होते, ‘मी पैसे पाठवले’, आणि कर्ता म्हणून तुमची जबाबदारी सुरू होते. फसवणुकीने करवून घेतलेली क्रिया ही खरे तर प्रयोजक क्रिया आहे. ‘करणे’ आणि ‘करवणे’ यांतला भेद आपण शाळेत शिकवतो. बँकेच्या खिडकीत तो सिद्ध करणे फार जड जाते.

फौजीचा वेश हा काही अँटॉप हिलपुरता नव्हता. देशभर पोलिसांकडे आलेल्या तक्रारींत तो पुनःपुन्हा दिसतो. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या घरातून जुना सोफा विकताना ३४,००० रुपये याच क्यूआर चित्राने गेले. ‘शिकलेली माणसे कशी फसतात?’ असे अशा वेळी विचारले जाते. या प्रश्नात एक क्रूर समाधान असते आणि मला ते आवडत नाही. शिक्षणाचा येथे फारसा संबंध नाही. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा इसम पकडला गेला. तो रस्त्यात अनोळखी सभ्य गृहस्थांशी गोड बोले आणि आपले घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास तुम्हाला माझ्याबद्दल आहे का, असे विचारी. लोक घड्याळ काढून देत. ‘कॉन्फिडन्स मॅन’ हा शब्दप्रयोग त्याच्या प्रकरणामुळे रूढ झाला आणि १८५७ मध्ये हर्मन मेल्व्हिलने त्याच नावाची कादंबरी मिसिसिपीवरच्या एका बोटीत, एक एप्रिलच्या दिवशी घडवली. थॉम्प्सन चोरी करत नव्हता, तो प्रश्न विचारत होता. आणि ‘नाही, माझा विश्वास नाही’ असे तोंडावर म्हणणे सभ्य माणसाला जमत नव्हते. काकूंनाही ते जड जात होते. आपण फौजीवर अविश्वास दाखवतो आहोत, ही बोच त्यांना बराच वेळ होती.

क्यूआर हे एकच रूप नव्हे. पैसे जमा झाल्याचा खोटा लघुसंदेश येतो, बँकेच्या नावाऐवजी साध्या दहा आकडी क्रमांकावरून. त्यात १,५०० ऐवजी १५,००० असतात आणि मग रडवेला फोन येतो, की शून्य चुकून जास्त पडले, उरलेले परत करा. विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावरच हा डाव उभा आहे. लोभी माणूस त्यात कमी सापडेल. याची जुनी परदेशी आवृत्ती धनादेशाची होती: जास्त रकमेचा धनादेश, वरचे पैसे ‘वाहतूकदाराला’ पाठवायची विनंती, आणि पाठवून झाल्यावर काही दिवसांनी धनादेश खोटा निघणे. पैसे भरल्याचे दाखवणारे छायाचित्र तर आता कुणीही बनवतो. या सगळ्यांवर तोड एकच आहे आणि ती कंटाळवाणी आहे: संदेश नव्हे, छायाचित्र नव्हे, आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः उघडून पाहणे, आणि तोवर वस्तू हातातून न सोडणे. मदतीच्या नावाखाली पडदा दाखवणारे ॲप कुणी उतरवून घ्यायला लावले तर तिथेच संवाद संपवणे.

जुनी नाणी आणि नोटा विकणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे गिऱ्हाईक लाखाची भाषा करते आणि आधी ‘कमिशन’ किंवा ‘कर’ भरायला सांगते. हे रिझर्व्ह बँकेच्याच नावाने चालू लागले तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावे लागले, की अशा व्यवहारांत ती पडत नाही आणि कुणाकडून शुल्क मागत नाही. विकणाऱ्याने पैसे भरायचे, हे वाक्यच मुळात उलटे आहे. पण आकड्यातली शून्ये मोजताना वाक्यरचनेकडे लक्ष कोण देतो?

आणि एक प्रकार असा, की ज्यात पैसे खरोखर येतात. मात्र ते दुसऱ्याच कुणाचे, चोरलेले असतात. मूळ मालक तक्रार करतो आणि पैशांचा माग काढत पोलीस पोचतात ते विक्रेत्याच्या खात्यापर्यंत. खाते गोठते. अशा वेळी वस्तूचे छायाचित्र, झालेला पत्रव्यवहार, नेणाऱ्याची सही असलेली पावती एवढेच आपल्या बाजूने बोलते. म्हणून बोली एकाची, पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आणि न्यायला तिसरा, असे दिसले की मी तरी व्यवहार करू नये असेच सांगेन.

व्यवस्था काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. पैसे मागवण्याची ‘कलेक्ट’ विनंती व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवले तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते, आणि येथे तासही महत्त्वाचा ठरतो. भारतीय दंड संहितेचे कलम ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ आले. राज कपूरच्या १९५५ च्या चित्रपटाने घरोघर नेलेला ‘चारसोबीस’ हा शब्द आता कायद्याच्या आधारावाचून भाषेत उरला आहे. ‘तीनशेअठरा’ म्हणून कुणी कुणाला शिवी देईल असे दिसत नाही.

कल्याणचे शिक्षक पुढच्या शनिवारी दुपारी आले. गुरू तेगबहादूर नगर स्टेशनवरून उन्हात चालत आलेले, सोबत एक विद्यार्थी आणि जुनी चादर. पाणी प्यायच्या आधी त्यांनी भाता उघडून ठिगळावर बोट फिरवले, मग काळी चारचा सा धरला आणि डोळे मिटून हवा किती वेळ टिकते ते पाहत राहिले. १७,५०० मधले पाचशे त्यांनी नमद्यापायी कमी करून मागितले. काकूंनी तीनशे सोडले. पैसे आले, काकूंनी चष्मा लावून शिल्लक उघडली, आकडा वाचला, मागचा आकडा वजा करून पाहिला, आणि मगच चादरीची गाठ मारायला हात लावला. पावतीच्या दोन प्रती त्यांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या. त्यावर ‘भात्याला ठिगळ आहे’ हेही होते.